आपली हद्द कुठे संपते, हे एकदा लिहून द्यावे

प्रति,
माननीय अध्यक्ष, विश्वस्त मंडळ,
आणि माननीय कुलगुरू,
आमच्या वसाहतीला लागून असलेले खासगी विद्यापीठ, पुणे

विषय : विद्यापीठाचा वसाहतीत होत असलेला विस्तार आणि त्याची लेखी सीमा ठरवण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या चार वर्षांत आम्ही आपल्या कार्यालयात तीन पत्रे नेऊन दिली. तिन्ही पत्रांच्या स्थळप्रतींवर आवक विभागाचा शिक्का मिळाला, उत्तर मात्र एकाचेही मिळाले नाही. म्हणून हे चौथे पत्र उघडपणे लिहीत आहोत. त्यात आपल्या विद्यापीठाचे आणि आमच्या वसाहतीचे नाव मुद्दाम घातलेले नाही. एक तर कोणाची अपकीर्ती करण्याचा आमचा हेतू नाही, आणि दुसरे म्हणजे पुण्यात आज शिक्षणसंस्थेच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या वसाहती इतक्या आहेत, की यातला बराचसा मजकूर त्यांपैकी कोणालाही आपलाच वाटावा.

आमची वसाहत १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरानंतरची. नदीकाठच्या पेठांमधली घरे गेल्यावर ज्या कुटुंबांना पुन्हा तिथेच संसार मांडण्याची हिंमत किंवा सोय उरली नाही, त्यांतल्या काहींनी सहकारी गृहरचना संस्था स्थापून तेव्हाच्या गावाबाहेरच्या माळावर भूखंड घेतले, कर्ज काढून बैठी घरे बांधली आणि पुढे ऐपतीप्रमाणे त्यांवर मजले चढवले. दारात मोटार उभी राहील असे तेव्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते, त्यामुळे आतले रस्ते सहा मीटरचे आखले गेले. आज आमच्या गल्लीतल्या ११ बंगल्यांपैकी ४ आपल्या संस्थेच्या किंवा तिच्याशी संबंधित न्यासाच्या ताब्यात आहेत. पहिल्यात प्रवेश कार्यालय आले, दुसऱ्यात पाहुण्या प्राध्यापकांसाठी अतिथिगृह, तिसऱ्यात कसले तरी प्रशिक्षण केंद्र. चौथा दीड वर्ष कुलूपबंद आहे. दारात एक रखवालदार खुर्ची टाकून बसतो आणि आमच्या आजीबाईंना अंगणातल्या पारिजातकाची फुले वेचू देतो, एवढाच त्या घराचा आणि वसाहतीचा आता संबंध उरला आहे. यातला एकेक व्यवहार सुटा पाहिला, तर आक्षेप घेण्यासारखे फारसे काही नाही. मालकाने विकले, आपण घेतले, दस्त नोंदवला. चारही एकत्र पाहिले, आणि त्यांच्यामध्ये अडकलेले दोन बंगले पाहिले, की मात्र गल्लीचा पुढचा नकाशा डोळ्यांपुढे उभा राहतो, आणि तो आपल्याकडे कुठेतरी कागदावर उतरलेलाच असणार असे वाटू लागते.

विद्यार्थी नकोत म्हणून आम्ही हे लिहितो आहोत, असा अर्थ कृपया काढू नये. परगावच्या मुलाने वार लावून रोज वेगळ्या घरी जेवावे, नाहीतर मधुकरी मागून शिकावे, ही या गावाची जुनी रीत. त्या रीतीत जातीची कुंपणे होती आणि उपकाराचा सूरही होता, हे आम्ही विसरलेलो नाही. पण शिकायला आलेल्या मुलाच्या पोटाची आणि पथारीची सोय ही गावाचीही जबाबदारी आहे, एवढी जाण तिच्यात होती. १९०९ मध्ये अनाथ विद्यार्थी गृह निघाले, १९५५ मध्ये डॉ. अच्युत आपटे यांच्या पुढाकाराने विद्यार्थी सहाय्यक समिती सुरू झाली, ती याच जाणिवेतून. आमच्याही अनेक घरांत वरच्या मजल्यावर कॉट टाकून मुले-मुली ठेवलेली आहेत. त्या भाड्यावर काही वृद्धांचे औषधपाणी चालते, आणि परीक्षेच्या दिवसांत त्या मुलांना रात्री चहा करून देणाऱ्या काकूही आमच्यातच आहेत. आमच्यापैकी काहींच्या मुलांनी आपल्याच विद्यापीठातून पदवी घेतली आहे.

आधी कोण आले, हा वादही आम्हाला घालायचा नाही, कारण त्यात दोन्ही बाजूंना अवघडून जावे लागेल. फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये शनिवार पेठेतल्या गद्रे वाड्यात सुरू झाले, आणि वाढू लागल्यावर पेठेतली शेजारची घरे घेण्याऐवजी टेकडीच्या पायथ्याशी मोकळ्या जागेवर गेले. महर्षी कर्व्यांनी आपला आश्रम गावापासून लांब हिंगण्याला नेला आणि ते स्वतः शिकवण्यासाठी तिथून पायी गावात येत राहिले. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले ते गणेशखिंडीच्या चारशेहून अधिक एकरांवर. म्हणजे त्या काळी संस्था मोठी झाली की बाहेर पडत असे आणि मागाहून शहर तिला जाऊन मिळत असे. या दृष्टीने पाहिले तर कित्येक वसाहतीच महाविद्यालयांच्या दाराशी येऊन बसल्या आहेत, आणि तिथल्या रहिवाशांनी महाविद्यालयाच्या घंटेबद्दल तक्रार करणे शोभणारे नाही. आमच्या बाबतीत क्रम उलटा आहे. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर व्यावसायिक महाविद्यालयांना परवानगी दिली आणि त्यानंतर आपली पहिली इमारत उभी राहिली, तेव्हा आमच्या वसाहतीला वीस वर्षे होऊन गेली होती. त्या इमारतीला आमच्यापैकी कोणी विरोध केला नाही. तिच्या पायाभरणीला आमच्या गृहरचना संस्थेच्या तेव्हाच्या कार्यकारिणीला बोलावणे होते आणि पेढेही वाटले गेले होते, असे जुनी मंडळी सांगतात.

विस्ताराची गरज आम्हाला कळत नाही असेही नाही. देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांचे प्रमाण २०२१-२२ च्या पाहणीत २८.४ टक्के होते, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ते २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. त्याच धोरणात लहान, एकाच शाखेच्या महाविद्यालयांऐवजी हजारो विद्यार्थ्यांच्या मोठ्या बहुशाखीय संस्थांवर भर आहे. तेव्हा नवीन वर्ग हवेत, प्रयोगशाळा हव्यात, जागा हवी, हे ओघानेच आले. आमचा प्रश्न जागा कशी घेतली जाते, याबद्दल आहे.

२०१३ च्या भूसंपादन कायद्याने सार्वजनिक प्रयोजनाच्या यादीतून खासगी शैक्षणिक संस्था वगळल्या आहेत. म्हणजे आपल्यासाठी सरकार कोणाचे घर सक्तीने संपादन करू शकत नाही. हे संरक्षण मोलाचे आहे. मात्र त्याची एक बाजू आमच्या उशिरा लक्षात आली. संपादन नाही म्हणून अधिसूचना नाही, अधिसूचना नाही म्हणून सुनावणी नाही. विकास आराखड्यात फेरबदल करायचा असता, तर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली जाहीर सूचना निघाली असती आणि हरकती नोंदवायला एक महिना मिळाला असता. पण निवासी विभागात शैक्षणिक वापराला नियमांत मुभा आहे, त्यामुळे एकेका बंगल्यासाठी तशी वेळ येतच नाही. २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे २०,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते; शैक्षणिक इमारतींना त्यातून दिलेली सूट सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केली, हे वाचून आम्हाला काही काळ बरे वाटले. पण चार भूखंडांवर चार वेगवेगळ्या वेळी बांधलेली चार लहान कामे त्या मर्यादेच्या आसपासही पोहोचत नाहीत. थोडक्यात, एवढा मोठा बदल आमच्या अंगणापर्यंत आला, आणि ज्या दिवशी उठून ‘आमचे म्हणणे ऐका’ असे म्हणावे, असा एकही दिवस कायद्याच्या पंचांगात सापडला नाही.

त्यात सहा मीटरच्या रस्त्यांचा विषय आहेच. २०२० मध्ये महापालिकेने शहरातील तीनशेहून अधिक सहा मीटर रस्ते नऊ मीटर करण्याचा प्रस्ताव आणला होता, तेव्हा शहरभरातून हरकती गेल्या. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेच्या मोबदल्यात मिळालेला आणि विकत घेता येणारा जादा बांधकामाचा हक्क, वापरता येत नाही. रस्ता नऊ मीटर झाला की तो वापरता येतो आणि इमारत उंच होऊ शकते. रुंदीकरणासाठी जाते ती दोन्ही बाजूंच्या घरांच्या पुढच्या अंगणाची पट्टी, म्हणजे आमच्याकडे नारळ, आंबे, तुळशीवृंदावन आणि गाड्या लावायची जागा. ज्याला पुनर्विकास करायचा आहे त्याला हा सौदा परवडतो, आणि आमच्यातही पुनर्विकासाची वाट पाहणारे आहेत. पण आमच्या गल्लीच्या रुंदीकरणाची मागणी गेल्या वर्षी पुन्हा झाली, तेव्हा अर्जावरच्या चार सह्या आपल्या चार बंगल्यांच्या होत्या, हे आम्हाला क्षेत्रीय कार्यालयात जाऊन कागद पाहिल्यावर समजले. शेजाऱ्याने अर्ज करण्याआधी कुंपणावरून सांगितले असते, तर बरे झाले असते.

असा प्रसंग जगात आपल्यावर आणि आमच्यावरच आला आहे असे नाही. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने १९६८ मध्ये शेजारच्या मॉर्निंगसाइड पार्क या सार्वजनिक उद्यानात व्यायामशाळा बांधायला घेतली. तिचा काही भाग हार्लेममधल्या कृष्णवर्णीय वस्तीला वापरता येणार होता, पण त्यांच्यासाठी दार वेगळे, खालच्या अंगाला. रहिवासी आणि त्या विद्यापीठाचेच विद्यार्थी मिळून उभे राहिले आणि काम सोडून द्यावे लागले. खणलेल्या खड्ड्याचे पुढे तळे करण्यात आले, ते आजही तिथे आहे. त्याच विद्यापीठाने एकविसाव्या शतकात मॅनहॅटनव्हिल भागात सुमारे १७ एकरांवर नवा परिसर उभा करायचे ठरवले. तेव्हाही झगडा झाला, सक्तीच्या संपादनाविरुद्ध दोन मालक राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१० मध्ये हरले. म्हणजे रहिवासी जिंकले अशी ही गोष्ट नाही. पण तिथे विद्यापीठाला सगळा आराखडा एकदम, आधी, नकाशासह लोकांपुढे ठेवावा लागला; स्थानिक मंडळाने आपला वेगळा आराखडा मांडला; २००७ च्या डिसेंबरमध्ये नगरपरिषदेत उघड मतदान झाले; आणि २००९ मध्ये विद्यापीठाला घरे, शिक्षण आणि इतर सोयींसाठी १५ कोटी डॉलरचा करार वस्तीशी करावा लागला. तो करार पुरेसा होता का, यावर तिथले लोक अजून भांडतात. भांडायला हातात कागद तरी आहे.

आमच्या मनात अधिक घर करून राहिले ते शिकागोचे उदाहरण. तिथले विद्यापीठ दक्षिणेकडे वुडलॉन या प्रामुख्याने कृष्णवर्णीय वस्तीत सरकू लागले, तेव्हा १९६० च्या दशकात रहिवाशांनी संघटना उभारली आणि अखेर विद्यापीठाने मान्य केले, की ६१ व्या रस्त्याच्या पलीकडे आम्ही येणार नाही. एक रस्ता, एक आकडा. पुढे कित्येक दशके विद्यापीठाचे कोणतेही पाऊल त्या रस्त्यापाशी पोहोचले की लोक तो आकडा काढून दाखवत. अमेरिकेतला वंशभेद आणि आमची परिस्थिती यांची तुलना करण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही. आमच्यातले बहुतेक जण घरमालक आहेत, सुस्थितीत आहेत, आणि त्यांना तिथल्यासारखे कोणी हुसकावून लावलेले नाही. पण सीमारेषा लिहून देता येते आणि ती लिहून दिल्याने विद्यापीठ बुडत नाही, एवढे त्यातून दिसते.

आता आमच्यातल्या मतभेदांविषयी, कारण ते आपल्याला आमच्याइतकेच ठाऊक आहेत आणि त्यांचा उपयोगही केला जातो. वसाहतीचे एकमत नाही. ज्यांची मुले परदेशी किंवा बंगळुरूला स्थायिक आहेत, त्या ज्येष्ठांना मोठे घर झेपत नाही; आपला मध्यस्थ येतो तेव्हा तो बाजारभावापेक्षा चार पैसे अधिक बोलतो, आणि त्यांनी विकू नये असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला, डबे करणाऱ्या बायका, अमृततुल्यवाला यांना आपण हवे आहात, आणि तेही आमचेच लोक आहेत. पीजी चालवणाऱ्यांना तर आपले वसतिगृह झाले तर धंदा बसेल अशी भीती आहे. याउलट ज्यांना इथेच राहायचे आहे त्यांना गल्लीत संध्याकाळनंतर दिवे न लागणारी कार्यालये वाढताना दिसतात. बंगल्यात माणूस राहतो तेव्हा रात्री दोन वाजता हाक मारता येते. प्रशिक्षण केंद्राला हाक मारता येत नाही. दुचाक्यांची रांग, उन्हाळ्यातला टँकर, वार्षिक महोत्सवाचे ध्वनिक्षेपक यांवर स्वतंत्र परिच्छेद लिहिता आला असता, पण त्या गोष्टी बोलून सुटण्यासारख्या आहेत आणि त्यांतला काही दोष आमच्याच घरच्या गाड्यांचा आहे.

एका गटाचा उल्लेख मात्र टाळता येणार नाही, कारण त्याची सही या पत्रावर नाही. वसाहतीच्या मागे, नाल्याच्या कडेला जी वस्ती आहे, तिथून आमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या बायका येतात, आपल्या वर्गखोल्या झाडणारे कर्मचारीही तिथलेच. आपल्या परिसराचे नवे प्रवेशद्वार त्या बाजूने निघणार, अशी कुजबुज आहे. ती खरी असेल तर सर्वांत आधी आणि सर्वांत कमी मोबदल्यात हलवले जातील ते लोक. आम्ही त्यांना पत्रावर सही करण्याविषयी विचारले. ‘तुमचं ठीक आहे, आम्ही त्यांच्याकडे कामाला आहोत,’ असे उत्तर मिळाले. सह्यांच्या यादीतली ती मोकळी जागा आपण त्यांचे मत म्हणूनच वाचावी.

आम्हाला हवे आहे ते फार मोठे नाही. विद्यापीठाने पुढच्या पंधरा-वीस वर्षांचा आपला परिसर नकाशावर दाखवावा आणि त्यावर एक रेषा काढून, तिच्या पलीकडे संस्था, तिचे न्यास आणि तिच्याशी संबंधित कंपन्या घरे विकत घेणार नाहीत, भाड्यानेही घेणार नाहीत, असे विश्वस्त मंडळाच्या ठरावाद्वारे लिहून द्यावे. ती रेषा आज जिथे आहे तिथेच असावी असा हट्टही आम्ही धरत नाही. दोन गल्ल्यांवर तडजोड होऊ शकेल, पण रेषा असली पाहिजे, कारण तिच्यावाचून आमच्यातल्या कोणालाही छप्पर दुरुस्त करावे की घर विकावे, हे ठरवता येत नाही. शेजारी विकणार आहे अशी नुसती हूल उठली, तरी पुढचा विकायला निघतो. हा दबाव आपण आणत नसाल, पण त्याचा लाभ आपल्याला होतो.

दुसरी मागणी वसतिगृहाची. नव्या अभ्यासक्रमाच्या जागा वाढवण्याआधी त्या जागांवर येणारी परगावची मुले कुठे राहणार, हे आपण जाहीर करावे, आणि वसतिगृह आपल्या आजच्या आवारातच, वाहनतळाच्या त्या भल्यामोठ्या पटांगणावर बांधावे. पीजी चालवणाऱ्या आमच्याच काही सभासदांना ही मागणी आवडलेली नाही. सर्वसाधारण सभेत ती बहुमताने संमत झाली, एकमताने नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. तिसरी मागणी फक्त ज्येष्ठांनी आग्रह धरला म्हणून घातली आहे : आपले ग्रंथालय आणि सकाळच्या वेळी मैदान शेजाऱ्यांना ओळखपत्रावर खुले करावे, आणि त्यासाठी दार पुढचेच असावे.

रुंदीकरणाचा अर्ज तूर्त मागे घ्यावा, ही विनंती वेगळी करतो, कारण त्यासाठी ठराव, नकाशा किंवा समिती यांपैकी कशाचीच गरज नाही. चार सह्या काढून घेतल्या की झाले.

पुढील महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता वसाहतीच्या सभागृहात रहिवाशांची बैठक ठेवली आहे. मागच्या वस्तीतल्या लोकांना सही न करता नुसते बसता येईल, असे सांगून बोलावले आहे. आपल्या वतीने निर्णय घेण्याचा अधिकार असलेले कोणी एक जण यावे. जनसंपर्क अधिकाऱ्यांना पाठवू नये, ते सज्जन आहेत आणि प्रत्येक वेळी ‘वर कळवतो’ म्हणण्याची पाळी त्यांच्यावर येते. येताना नकाशाची मोठी प्रत आणावी. सभागृहातले टेबल सहा फुटी आहे, त्यावर ती पूर्ण पसरता येईल.

कळावे,
आपले शेजारी,
वसाहतीतील सह्या करणारे रहिवासी